शुक्राणूंचे बियाणे संपत का नाही?

प्रश्न : पुरुषाच्या शरीरात वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत शुक्राणू तयार होत राहतात. ज्या पेशींपासून ते बनतात, त्या एवढ्या वर्षांत संपून कशा जात नाहीत? कोणी शुक्राणू व्हायचे आणि कोणी मागे राहायचे, हे ठरवते कोण?

उत्तर : बहुतांशी शेजारी ठरवतात. आपल्या सगळ्यांच्या मनात शुक्राणू म्हणजे एकटा धावणारा जीव असतो. प्रत्यक्षात तो घडत असताना जराही एकटा नसतो.

वृषणात बारीक, गुंडाळलेल्या नलिका असतात. त्यांच्या भिंतीत, अगदी बाहेरच्या कडेला, मूळपेशी बसलेल्या असतात. त्यांच्यातली एखादी वाटेला लागली की माणसात पूर्ण शुक्राणू तयार व्हायला साधारण 64 दिवस लागतात. उंदरात सुमारे 35. या सगळ्या प्रवासात प्रत्येक पेशी सर्टोली पेशींना बिलगून असते. एन्रिको सर्टोली या तरुण इटालियन संशोधकाने 1865 साली या उंच, फांद्या फुटल्यासारख्या पेशींचे वर्णन केले. त्या पोषण तर करतातच, पण निरोपही देतात. हे निरोप म्हणजे वृद्धिघटक नावाची प्रथिने. ज्या पेशीच्या पृष्ठभागावर योग्य ग्राही रेणू असेल, तिलाच तो निरोप कळतो.

त्यातला एक निरोप जीडीएनएफ या प्रथिनाचा. 1993 साली ते सापडले ते मेंदूच्या संशोधनात. पार्किन्सन्समध्ये मरणाऱ्या चेतापेशींना ते जगवेल, अशी आशा होती. वृषणाशी त्याचा संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हते. 2000 साली फिनलंडमधल्या संशोधकांनी दाखवले, की हेच प्रथिन सर्टोली पेशींकडून मूळपेशींना मिळते. ज्या उंदरांत ते कमी पडले, त्यांच्या मूळपेशी हळूहळू संपत गेल्या. ज्यांच्यात ते मुद्दाम वाढवले, त्यांच्या नलिकांत मूळ अवस्थेतल्या पेशींचे ढीग साचले. त्या पुढे सरकेनात, आणि ते उंदीरही वंध्य झाले. म्हणजे बियाणे राखायचे की पेरायचे, याचा तोल या एका प्रथिनाच्या मात्रेवर बराचसा अवलंबून आहे.

पुढच्या वाटचालीला जीवनसत्त्व ‘अ’पासून बनणारे रेटिनॉइक आम्ल लागते. मग येतो दुसरा वृद्धिघटक, किट लायगँड. तोही सर्टोली पेशी बनवतात, आणि वाटेला लागलेल्या पेशींवर त्याचा ग्राही, किट, असतो. यावरचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

उंदरांचे दोन वाण प्रयोगशाळांत अनेक दशके पाळले जात होते. दोन्हींची कातडी पांढरी, दोन्हींना रक्तक्षय, दोन्हींतले नर वंध्य. वरून पाहता आजार एकच. पण एका वाणात बिघाड ग्राहीत होता. शुक्राणू बनवणाऱ्या पेशींनाच निरोप कळत नव्हता. दुसऱ्यात त्या पेशी धडधाकट होत्या, पण त्यांच्या सर्टोली पेशी किट लायगँड स्वतःच्या पटलावर धरून ठेवू शकत नव्हत्या. नुसता सुटा होऊन तरंगणारा निरोप पुरेना. तो पेशीला पेशी भिडवूनच द्यावा लागतो.

अमेरिकेत राल्फ ब्रिन्स्टर यांच्या गटाने 2000 साली दुसऱ्या वाणाच्या वृषणातल्या मूळपेशी काढून पहिल्या वाणाच्या नलिकांत सोडल्या. त्या तिथे रुजल्या, शुक्राणू बनले आणि पिल्ले जन्मली. दोन वंध्य नरांपासून संतती! त्या पिल्लांची जनुके ज्याच्या मूळपेशी, त्याची होती. वंध्यत्व आले की दोष बीजात आहे असे आपण चटकन धरून चालतो. इथे एका उंदराचे बीज निर्दोष होते, बिघाड त्याच्या शेजाऱ्यांत होता.

या ज्ञानाचा उपयोग खरोखर होऊ लागला आहे. जीडीएनएफ घातलेल्या द्रवात उंदरांच्या या मूळपेशी 5 महिन्यांहून अधिक काळ वाढवून पुन्हा वृषणात रुजवता येतात, हे जपानी संशोधकांनी 2003 साली दाखवले. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या लहान मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण त्यांचे शुक्राणू गोठवून ठेवता येत नाहीत. ते तयारच झालेले नसतात. काही रुग्णालयांत उपचारांआधी अशा मुलांच्या वृषणाचा छोटा तुकडा जपून ठेवतात. मात्र माणसाच्या मूळपेशी उंदरांइतक्या भरवशाने बाहेर वाढवणे अजून जमलेले नाही.