शेजारी छोटा, कुंपण मोठं!

मित्रांनो, अ‍ॅटलास न उघडता, शेजारच्याच्या वहीत न डोकावता उत्तर द्या. भारताची जमिनीवरची सर्वांत लांब सीमा कोणत्या देशाशी आहे? ऑप्शन्स चार : चीन, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ.

क्विझमध्ये हा प्रश्न आला की पहिली टीम झटकन बझर दाबते आणि म्हणते, ‘चीन!’ मग प्रश्न पास होतो आणि दुसरी टीम मोठ्या आत्मविश्वासाने म्हणते, ‘पाकिस्तान!’ दोघांचेही मार्क्स जातात, कारण बरोबर उत्तर आहे बांगलादेश.

विश्वास बसत नाही ना? मग केंद्रीय गृह मंत्रालयाचे आकडेच बघा. बांगलादेश ४,०९६.७ कि.मी., चीन ३,४८८, पाकिस्तान ३,३२३, नेपाळ १,७५१, म्यानमार १,६४३, भूतान ६९९ आणि अफगाणिस्तान १०६. हो, अफगाणिस्तानसुद्धा! ती १०६ कि.मी.ची सीमा पाकव्याप्त भागात येते, म्हणून प्रत्यक्षात आपला तिथे ताबा नाही, पण सरकारी यादीत ती आहे. ‘भारताला जमिनीवर किती शेजारी?’ असं विचारलं तर सहा नाही, सात सांगायचं.

आता मुख्य मुद्दा. चीन एवढा अवाढव्य, मग त्याचा नंबर दुसरा का? कारण हिमालयाच्या मधल्या भागात आपल्या आणि चीनच्या मध्ये नेपाळ आणि भूतान उभे आहेत. आपल्या बाजूने या दोघांच्या सीमा मिळून २,४५० कि.मी. होतात. तेवढी लांबी चीनच्या खात्यात जमाच होत नाही.

बांगलादेशचं उलट आहे. क्षेत्रफळ सुमारे १.४८ लाख चौ.कि.मी., म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडं कमी. पण भारताने त्याला तीन बाजूंनी वेढलंय. पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम अशी पाच राज्यं त्याला लागून आहेत. एकट्या त्रिपुराच्या वाट्याला ८५६ कि.मी. सीमा येते.

थोडं गणित करू (इंजिनिअर आहोत, सवय जात नाही!). एवढ्याच क्षेत्रफळाचं वर्तुळ काढलं तर त्रिज्या येते साधारण २१७ कि.मी. आणि परीघ सुमारे १,३६० कि.मी. प्रत्यक्षात फक्त भारताबरोबरची सीमाच त्याच्या तिप्पट आहे. म्यानमारची सीमा आणि समुद्रकिनारा तर अजून धरलेलाच नाही! हीट सिंकला फिन्स लावल्या की जागा तेवढीच राहून पृष्ठभाग वाढतो, तसंच काहीसं. म्हणजे सीमेची लांबी देशाच्या आकारमानापेक्षा तिच्या वळणांवर ठरते.

ही वळणं मोजायचीही एक गंमत आहे. न्यूमेरिकल मेथड्समध्ये ज्यांचं ‘एक्स्ट्रापोलेशन’ येतं, त्या रिचर्डसन साहेबांनी वेगवेगळ्या देशांच्या सीमांची लांबी तपासली. स्पेनच्या मते पोर्तुगालबरोबरची सीमा ९८७ कि.मी., तर पोर्तुगालच्या मते तीच सीमा १,२१४ कि.मी.! खोटं कुणीच बोलत नव्हतं. मोजपट्टी जितकी छोटी, तितकी जास्त वळणं पकडली जातात आणि लांबी वाढते. रिचर्डसन यांचं हे काम त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे मँडेलब्रॉट यांनी हाच धागा पकडून फ्रॅक्टल्सचा विचार मांडला.

पण आपली पूर्वेकडची सीमा इतकी वाकडीतिकडी झाली कशी? फाळणीची रेघ आखायचं काम सिरिल रॅडक्लिफ या ब्रिटिश वकिलाकडे दिलं गेलं. ते त्याआधी भारतात कधीच आले नव्हते. ८ जुलै १९४७ ला ते आले आणि १७ ऑगस्टला निवाडा जाहीर झाला. पंजाब आणि बंगाल, दोन्हींसाठी जेमतेम पाच आठवडे! आपलं एक मिनी प्रोजेक्टसुद्धा एवढ्यात होत नाही.

त्यात भर पडली छिटमहलांची. कूचबिहार संस्थान आणि रंगपूरकडचा मुलूख यांच्या जमिनी पूर्वीपासून एकमेकांत विखुरलेल्या होत्या. फाळणीत रंगपूर पाकिस्तानात गेलं आणि १९४९ मध्ये कूचबिहार भारतात आलं. झालं! भारताचे १११ तुकडे पलीकडे अडकले आणि त्यांचे ५१ तुकडे आपल्याकडे. दाहाला खागराबाडी नावाचा तुकडा तर असा होता : भारताची जमीन, तिच्याभोवती बांगलादेशची, त्याभोवती परत भारताची आणि त्याच्याही बाहेर बांगलादेश!

नकाशावर हे कोडं वाटतं, पण तिथे माणसं राहत होती. २०११ च्या संयुक्त मोजणीत ती ५१ हजारांच्या वर भरली. घराबाहेर पडून बाजारात जायचं तरी परदेशातून जावं लागायचं. रेशन नाही, मतदान नाही, वीज नाही. मुलाला शाळेत घालायचं तर अनेकांना दुसऱ्याच गावचा पत्ता लावावा लागायचा. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी करार केला, पण तो पूर्ण अमलात यायला २०१५ उजाडलं. त्या वर्षी शंभरावी घटनादुरुस्ती झाली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री या तुकड्यांची अदलाबदल झाली. पाच आठवड्यांच्या घाईत आखलेली रेघ निस्तरायला ६८ वर्षं लागली.

तेव्हा क्विझसाठी ४,०९६.७ हा आकडा पाठ करा, पण त्यातल्या प्रत्येक वळणावर कुणाचं तरी घर, शेत नाहीतर नदी आहे हेही लक्षात असू द्या. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी सर्व्हेचं काम करेल, रस्त्याची किंवा धरणाची रेघ मारेल. कागदावर रेघ ओढायला दोन सेकंद लागतात. ती ओढण्यापूर्वी एकदा जागेवर जाऊन बघितलेलं बरं!

जाता जाता तुमच्यासाठी होमवर्क : फ्रान्सची जमिनीवरची सर्वांत लांब सीमा कोणत्या देशाशी? ‘स्पेन’ लिहिणार असाल तर थांबा. आधी दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडा.