ट्रॅक्टर बदलू की ब्लोअर घेऊ?

प्रश्न : माझी निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि तीन फुटी रोटाव्हेटर आहे. ६०० लिटरचा ब्लोअर घ्यायचा आहे. विक्रेते २८ एचपीचा ट्रॅक्टरच घ्या म्हणतात. काय करावे?

उत्तर : आधी पीटीओची ताकद पाहा. १८ एचपी इंजिनातून पीटीओला साधारण १५ एचपीच पोहोचते. ब्लोअरमध्ये खरी ताकद खातो तो पंखा, पंप नव्हे. मोठा पंखा लावला की इंजिन दबते, पीटीओचे ५४० फेरे टिकत नाहीत आणि औषध पानांच्या मागच्या बाजूला पोहोचत नाही. गोडी छाटणीनंतर डाऊनीच्या दिवसांत हे फार महागात पडते.

वजनाचेही तसेच. ६०० लिटर पाणी म्हणजेच ६०० किलो. एवढे लिफ्टवर उचलण्याचा विचारही करू नका, चढावर पुढची चाके उचलली जातील. ओढायच्या ब्लोअरने हा धोका टळतो, पण पंख्याची भूक तीच राहते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: चार एकरांसाठी नवे कर्ज काढू नका. तुमच्या पीटीओला झेपेल असा लहान पंख्याचा, २०० लिटरचा ब्लोअर पाहा. टाकी जास्त वेळा भरावी लागेल, तेवढे चालेल. प्रात्यक्षिक मात्र तुमच्याच बागेत, भरल्या टाकीने, शेवटच्या ओळीपर्यंत मागा. ट्रॅक्टर बदलायचा तो बाग वाढवणार असाल तरच.

अनुदान हवे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा आणि पूर्वसंमती मिळेपर्यंत खरेदी करू नका.