छत्रीचे तोंड टॉवरकडे

आबांचे घर मळ्यात. इंटरनेट घ्यायचे ठरले, पण तिथवर तार ओढायची तर खर्च फार. म्हणून बिनतारी जोडणी घेतली. पालघर जिल्ह्यातल्या काही गावांत मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ या कामातून अशा बिनतारी जोडण्या करून दाखवल्या आहेत.

चार किलोमीटरवर टेकडी आहे. टेकडीवर टॉवर आहे. टॉवरवरून लहरी येतात. घरावरची छत्री त्या धरते.

थोरला म्हणाला, "आबा, ओसरीवरच बसवू."

आबांनी टेकडीकडे पाहिले. मधे कडुनिंब.

"फांद्या तोडू का?"

"आजानं लावलेलं झाड हाय. हात लावायचा न्हाई. खांब हलव."

आबांचे बरोबर होते. या लहरींना मोकळी वाट लागते. पाने लहरींना अडवतात, ओली पाने जास्तच. पानगळीत मोकळी दिसणारी वाट पालवी फुटली की बुजते. नुसते टॉवरचे टोक दिसून भागत नाही. वाटेच्या भोवतीही जागा मोकळी हवी.

खांब माडीवर न्यायचा ठरला. पण आधी वर पाहा. विजेची तार आहे का? लोखंडी खांब तारेला टेकला तर जीव जातो. खांबाच्या उंचीपेक्षा तार बरीच लांब हवी. ढग गडगडत असताना छपरावर चढू नका. खांबाला अर्थिंग कराच.

कारागिराने ओळंबा लावून खांब सरळ केला. खांब कलता असला, तर छत्री डावी-उजवी फिरवताना वर-खालीही होते.

सूनबाई खाली मोबाईलवर आकडा वाचू लागली. हा आकडा उणे असतो. कर्जासारखा समजा. ८० च्या कर्जापेक्षा ६० चे बरे. तसे उणे ८० पेक्षा उणे ६० चांगले.

"वहिनी, किती?"

"उणे ८४... ७९... ७६... परत ८० झाले!"

"७६ वर आवळा की!" थोरला म्हणाला.

"नाही दादा. हा खोटा चढ."

छत्रीचा जोर समोर असतो, पण थोडा बाजूलाही सांडतो. म्हणून पहिल्या चढावर फसू नये. कारागीर फिरवतच गेला. ६६... ६२... ५९... ६१. मागे घेऊन ५९ वर आणली. मग तसेच वर-खाली केले. ५७!

बोल्ट आळीपाळीने आवळले, आकडा बघत बघत. एकच बोल्ट गच्च आवळला की छत्री सरकते.

भिंतीतून केबल आत घेण्याआधी बाहेर खाली झोळ सोडला. पावसाचे पाणी झोळावरून गळते, घरात येत नाही. छत्रीला वीजही याच केबलने जाते, घरातल्या छोट्या डबीतून. डबीला दोन भोके असतात, एक छत्रीचे, एक राउटरचे. अदलाबदल करू नका. राउटर जळू शकतो.

संध्याकाळी सूनबाईने सातबारा उघडला. आबांनी चष्मा पुसला. एकेक अक्षर लावून वाचू लागले. मधेच थांबले.

"अगं, बापाच्या नावात एक काना राहिलाय की!"