आधी सांडवा, मग तळं

आमच्या परसातलं तळं त्याच्या पहिल्याच पावसाळ्यात, पुष्य नक्षत्रातल्या एका रात्री फुटलं. पहाटे बॅटरी घेऊन मागच्या दारी गेले, तर खालच्या बाजूचा बांध मधोमध कापल्यासारखा गेला होता. त्या खिंडारातून लालभडक पाणी शेजारच्या काकांच्या भेंडीच्या वाफ्यांत शिरत होतं आणि तिथून पुढे त्यांच्या विहिरीकडे. विहिरीचा कठडा ठेंगणा. आठ दिवस त्यांच्या घरात पिण्याचं पाणी आमच्याकडून गेलं. काका चिडले नाहीत. कमरेवर हात ठेवून बांधाकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “तळी खणलंस, पण पाण्याक भायर जावक वाट खंय ठेवलंस?”

वाट ठेवली होती. दोन इंची पीव्हीसी पाइप, तोंडाला बारीक जाळी. काकांनी पाइप बघितला, जाळीवर चिकटलेला काजूच्या पानांचा आणि शेवाळाचा लगदा बोटाने खरवडला आणि काही बोलले नाहीत. त्या जाळीत माझी सगळी चूक दिसत होती. तळं खणताना पाणी कुठून येईल, किती दिवस टिकेल, कमळ कुठे लावायचं, याचा महिनाभर विचार केला होता. जास्तीचं पाणी कुठून जाईल, हे प्लंबरने पाच मिनिटांत ठरवलं होतं.

कुडाळ तालुक्यात पाऊस म्हणजे काय, हे इथे जन्मलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण अंगणात कोसळणारा पाऊस ओळखणं वेगळं आणि त्याचा हिशेब करणं वेगळं. हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं तळं पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद, मध्यभागी मीटरभर खोल. बाजू उतरत्या असल्याने त्यात दहा हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं. शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर थेट तळ्यावर पडणारं पाणी दीड हजार लिटर. तेवढंच असतं तर दोन इंची पाइपने ते मुकाट बाहेर काढलं असतं.

पण मी घराच्या पन्हळीचं तोंड तळ्याकडे वळवलं होतं. कौलारू छपराची ती बाजू एकशेवीस चौरस मीटर भरते. त्याच शंभर मिलिमीटरचं तिथून येणारं पाणी बारा हजार लिटर, म्हणजे अख्ख्या तळ्याहून जास्त. हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला की त्याला ‘जोरदार पाऊस’ म्हणतं. अतिजोरदार आणि अतिवृष्टी त्याच्याही पुढच्या पायऱ्या. जोरदार पावसाचा दिवस कोकणात जुलैमध्ये नवलाचा नसतो. तळ्याला पाणी पुरवतो तो तळ्यावर पडणारा पाऊस नव्हे, तळ्याकडे उतरणारी जमीन आणि छप्पर. ज्याला बागेत तळं करायचं आहे, त्याने पहिल्यांदा टेप घेऊन तळ्याची लांबी-रुंदी मोजू नये. आपल्या जागेतलं कुठलं कुठलं पाणी त्या खड्ड्याकडे येणार आहे, त्याचं क्षेत्र मोजावं. त्यात शेजाऱ्याच्या उतारावरून येणारं पाणीही आलं, आणि वरच्या रस्त्याचा पाण्याचा लोंढा कुंपणातून आत शिरत असेल तर तोही.

दिवसभराच्या आकड्याहून महत्त्वाचा असतो तो तासाचा, खरं तर दहा मिनिटांचा आकडा. सर कोसळते तेव्हा थोडा वेळ का होईना, पावसाचा वेग ताशी शंभर मिलिमीटरच्या घरात जाऊ शकतो. तेवढ्या वेळात आमच्या छपरावरून मिनिटाला दोनशे लिटर, म्हणजे वीस लिटरच्या दहा बादल्या तळ्यात ओतल्या जातात. आडव्या लावलेल्या दोन इंची पाइपच्या तोंडावर पाण्याची चढण चार-पाच सेंटिमीटर असेल, तर तो मिनिटाला सत्तर लिटरच्या आसपास पाणी सोडतो. जाळी स्वच्छ असेल तर. जाळीवर पान बसलं की तेही नाही.

त्यातही पाइपचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाणी वर चढत गेलं तरी पाइपमधून जाणारा प्रवाह त्या मानाने फारसा वाढत नाही. चढण दुप्पट झाली तर प्रवाह जेमतेम दीडपट होतो. उघड्या, रुंद खाचेचं उलट असतं. तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची जाडी दुप्पट झाली की प्रवाह पावणेतीन पटींच्या घरात जातो. पाऊस वाढेल तशी वाटही मोठी होते. दोन फूट रुंद खाचेवरून तीन सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा थर वाहू लागला, की मिनिटाला तीनशे लिटर सहज निघून जातात. आणि पान आलं तर ते त्यावरून वाहून जातं, अडकत नाही.

ही खाच म्हणजेच सांडवा. धरणाला असतो, पाझर तलावाला असतो, तोच. बागेतल्या तळ्याला सांडवा हा शब्द मोठा वाटतो, म्हणून कोणी वापरत नाही, आणि शब्दाबरोबर गोष्टही राहून जाते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की बांध टिकत नाही, हा नियम मोठ्या धरणाला जसा लागू तसा गुडघाभर उंचीच्या बांधालाही. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधल्या मोरबीजवळचं मच्छू-२ धरण फुटलं, तेव्हा आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेच्या कितीतरी पुढे गेला होता. पाणी मातीच्या बांधांवरून वाहिलं आणि बांध गेले. मोरबी शहरात हजारांनी माणसं दगावली. परसातल्या तळ्याची त्याच्याशी तुलना करायची नाही, पण मातीचं वागणं तेच आहे. पाणी काठावरून ओसंडतं, बाहेरच्या उताराची माती पहिल्यांदा खरडते, मग ती खरड मागे मागे सरकत काठापर्यंत येते आणि एका क्षणी काठच खचतो. आमच्या बांधावर त्या पहाटे ते सगळं वाचता येत होतं. खिंडाराच्या दोन्ही बाजूंना, जिथे काठ अजून उभा होता, तिथे बाहेरच्या उतारावर बोटभर खोल ओघळ पडलेले होते. त्यांतला एक मोठा झाला, एवढंच.

त्या बांधाची आणखी एक गोष्ट. तो खणून काढलेल्या मातीचाच होता. मे महिन्यात जेसीबीने खड्डा खणला आणि माती खालच्या बाजूला रचली. वरून बादलीने चोपली, दोन-चार जणांनी पायांनी तुडवली. भरावाची माती अशी दबत नाही. ती ओलसर असताना पाऊण वीत जाडीचे थर देत, प्रत्येक थर धुमसाने ठोकत बांध चढवावा लागतो. आणि सांडवा भरावाच्या मातीवर कधीच काढू नये. तळ्याच्या ज्या बाजूला मूळची, न हललेली जमीन आहे, तिथेच तो असावा. आमच्याकडे आता तो उत्तरेच्या कोपऱ्यात, कातळावर आहे. दोन फूट रुंद, तळाला जांभ्याचे चिरे सिमेंटमध्ये बसवलेले, आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिक कागदाची कड त्या चिऱ्यांच्या खालपर्यंत ओढलेली. बांधाचा माथा सांडव्याच्या पातळीहून वीतभर उंच आहे. ही वीत कधीही पूर्ण पाण्यात बुडू नये, ती तेवढ्यासाठीच असते.

सांडव्यातून निघालेलं पाणी पुढे कुठे जातं, हा अर्धा प्रश्न उरतो, आणि शेजारसंबंध टिकायचे असतील तर तोच पहिला. आमच्या सांडव्याखाली दगडी फरशीचा एक चर आहे. तो पाणी पहिल्यांदा अळवाच्या वाफ्यात नेतो, मग पोफळींच्या ओळीत, आणि त्यातून उरलेलं कुंपणालगत खालच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात. चराच्या दोन्ही कडांना वाळा लावला आहे. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. गोव्यातल्या फोंड्याच्या कुळागरांत, म्हणजे बागायतींत, झऱ्याचं पाणी पाटाने माडा-पोफळींच्या मुळांशी फिरवतात, ते पाहिलं की ही गोष्ट आपल्या लोकांना किती चांगली कळत होती हे समजतं.

दुसरी चूक पहिलीहून वेगळी होती आणि तिच्याबद्दल मला कोणीच सावध केलं नव्हतं. बांध फुटल्यावर उरलेलं पाणी मी पंपाने उपसून काढलं. रिकाम्या तळ्यात उतरून सगळं नीट तपासू, असा विचार होता. तळाला शेततळ्याला वापरतात तसा पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तो कागद मधोमध वर आला होता. चिखलात लोळणाऱ्या म्हशीची पाठ दिसावी तसा काळा, गोल, चकचकीत फुगवटा. त्यावरची कमळाची दोन मडकी कलंडून कडेला गेली होती. पायाने दाबलं तर फुगवटा तिथे बसायचा आणि हातभर दूर वर यायचा.

खाली पाणी होतं. जांभा दगड सच्छिद्र असतो. जून अखेरपर्यंत तो पाणी पीत राहतो, आणि जुलैच्या मध्यावर जमिनीखालचं पाणी पुष्कळ ठिकाणी हातभर खोलीवर येऊन उभं राहतं. तळं भरलेलं असतं तेव्हा वरच्या पाण्याचा भार कागदाला खाली दाबून ठेवतो. तळं उपसलं की तो भार जातो, आणि खालचं पाणी कागद उचलतं. प्लास्टिकच्या जागी सिमेंटची टाकी असती तर ती तडकली असती, हलकी असती तर जागेवरून उठलीही असती. म्हणून भर पावसाळ्यात तळं रिकामं करू नये. करावंच लागलं तर अर्ध्याच्या खाली नेऊ नये, आणि जास्तीत जास्त लवकर परत भरावं. कागद फुगलेला दिसला तर त्याला भोक पाडायचं नाही. पाणी सोडून तळं हळूहळू भरत न्यायचं, फुगवटा आपोआप बसतो.

कायमचा उपाय पुढच्या उन्हाळ्यात केला. कागद काढला, तळाशी एक उथळ नाली खणली, तिच्यात खडी आणि भोकं पाडलेला पाइप घातला. तो पाइप बांधाखालून न नेता बाजूच्या मूळ जमिनीतून उताराला बाहेर काढला. वर वाळूचा थर, त्यावर जुनी गोणपाटं, त्यावर कागद. आता जुलैमध्ये त्या पाइपातून करंगळीएवढी धार अखंड चालू असते. हे पाणी आधी कागदाखाली कोंडलं जायचं.

पाऊस सरासरीप्रमाणे पडत नाही, हेही तळ्याने शिकवलं. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी त्याच शहरातल्या कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. तालुक्याचा आकडा आपल्या परसाला लागू होईल असं नसतं. आणि तोच पाऊस मृगात पडला तर कोरडी जमीन त्यातला बराचसा पिऊन टाकते, पुष्यात पडला तर जवळजवळ सगळाच वाहून येतो. म्हणून जूनमध्ये तळं नीट वागलं, यावर विसंबू नये. आमचंही जूनमध्ये नीटच वागलं होतं.

पन्हळीचं तोंड आता फिरतं आहे. पावसाच्या सुरुवातीला छपरावरची धूळ, पाचोळा, माकडांची घाण असं पहिलं पाणी माडाच्या आळ्यात जातं. मग आठवडाभर पन्हळ तळ्याकडे असते, आणि तळं भरलं की परत माडाकडे. जुलैच्या सरींत छपराचं पाणी तळ्याला जोडून ठेवायची गरज नसते.

माशांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. डासांसाठी तळ्यात गप्पी सोडतात, आम्हीही सोडले होते. बांध फुटला तेव्हा ते सगळे व्हाळात गेले. गप्पी मूळचे आपल्याकडचे नाहीत. तिलापिया आणि बंदी असलेला आफ्रिकन मांगूर तर कधीच नकोत. तळ्यातून सुटलेला मासा परत आणता येत नाही, आणि व्हाळातल्या स्थानिक माशांच्या पिल्लांना तो जड जातो. जलपर्णीचंही तेच, एक तुकडा पुरतो. जो जीव व्हाळात गेलेला चालणार नाही, तो ओसंडणाऱ्या तळ्यात ठेवूच नये. आता आमच्याकडे व्हाळातूनच आणलेले छोटे मासे आहेत, आणि सांडव्याच्या अलीकडे हातभर रुंदीचा गवताचा पट्टा. त्यातून पाणी जातं, मासे बहुतेक आतच राहतात.

तळ्यात एक बांबू रोवून त्यावर बोटांच्या अंतराने रेघा मारल्या आहेत. सांडव्याची पातळी लाल रंगाने. रोज सकाळी साडेआठला, हवामान खातं पाऊस मोजतं त्या वेळेला, मी पाणी कुठल्या रेघेवर आहे ते कॅलेंडरवर लिहिते. गेल्या पावसाळ्यात सगळ्यात वरचं टिपण लाल रेघेच्या वर चार बोटं होतं. त्या रात्री काकांच्या विहिरीचं पाणी निवळच राहिलं. काकांनीही यंदा कठडा दोन चिरे उंच केला आहे.