ईश्वराचे पूर्वज्ञान आणि जीवाचे कर्तृत्व

शिरपुरास अरुणावतीच्या काठी आमचे कीर्तन आटोपले, बुक्का लावून मंडळी पांगली. एक माळकरी शेतकरी तेवढा बसून राहिला. त्याचा तरणा मुलगा त्या वर्षी गेला होता. म्हणाला, "महाराज, देवले आधीच समदं ठाऊक शे, तं मंग मी पंढरपूरले कसाले जाऊ?"

त्याच्या शेजारच्या शेतावरचा सोबती ख्रिस्ती. खानदेशात स्वीडिश मिशनने भिल्लांमध्ये पुष्कळ काम केले, त्यातलेच ते घर. बांधावर बसून दोघांत वाद पडला होता : कोण तरणार नि कोण बुडणार हे देवास सृष्टीच्या आधीच कळलेले असते काय? असेल, तर माणसाच्या हाती उरले काय?

आम्ही त्या रात्री एका शब्दात उत्तर दिले : प्रारब्ध. तो नमस्कार करून उठला. पटले म्हणून उठला, असे काही आम्हांस वाटले नाही.

भाविकहो, सोबत्याच्या धर्मात हा प्रश्न फार जुना आहे. पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील ऑगस्टीन नावाच्या बिशपाने प्रतिपादिले की मनुष्य स्वबळावर तरत नाही, कृपा पाहिजे, आणि ती कोणावर करायची हे देव ठरवितो. पेलागियस म्हणे, मग आज्ञा कशाला दिल्या? जे करवतच नाही ते करायला सांगणे हा न्याय कसला? सोळाव्या शतकात कॅल्विनने तर सांगितले की काही जीव तारण्यासाठी नेमले आहेत व काही नाशासाठी. हॉलंडात आर्मिनियसने त्यास तोड काढली : कोण विश्वास धरील हे देव आधी जाणतो आणि त्याप्रमाणे निवडतो. १६१८-१९ साली डॉर्ट येथील सभेने आर्मिनियसच्या अनुयायांचे मत त्याज्य ठरविले. कॅथलिकांतही जेझुइट आणि डॉमिनिकन याच विषयावर हमरीतुमरीवर आले. १६०७ साली पोपने वाद थांबविला, पण निकाल कोणाच्याच बाजूने दिला नाही. म्हणजे त्यांच्या घरातही एकवाक्यता नाही.

त्यांच्यातले एक उत्तर आम्हांस विशेष विचार करण्याजोगे वाटले. बोएथियस हा रोमन विद्वान सहाव्या शतकाच्या आरंभी बंदीत पडला असता, देहान्त शिक्षा समोर असता लिहितो की, देवास काल आणि उद्या नाहीत; सारे त्यास एकदमच दिसते. आणि कोणी चालताना दिसला म्हणजे आपल्या पाहण्याने तो चालतो असे थोडेच आहे! आपल्या भाषेत सांगायचे तर, पंचांगात लिहिले म्हणून ग्रहण लागत नाही.

दृष्टान्त गोड आहे, पण अपुरा. पंचांगकर्त्याने चंद्रसूर्य घडविलेले नसतात. देव तर जाणताही आहे आणि कर्ताही!

नेमके हेच वर्म एका मराठी घराण्यातल्या तरुणाने पकडले होते. १८३९ साली जॉन म्यूर या इंग्रज सरकारच्या अंमलदाराने 'मतपरीक्षा' हा ग्रंथ संस्कृतात रचून ख्रिस्ती मताचे मंडन केले. त्यास पंडितांची उत्तरे गेली. एक 'सोमनाथ' या नावाने आले. ते सिहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू यांचे असावे असे अभ्यासक मानतात. दुसरे काशीचे नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचे. वय अवघे विशीचे. १८४४-४५ मधील त्यांच्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'त प्रश्न आहे की, अमका जीव अनंत काळ नरकात पडणार हे जाणूनही त्यास निर्माण करणारा दयाळू कसा? आणि पूर्वजन्म नाही म्हणता, तर एक सुखात व दुसरा दुःखात जन्मतो तो कोणत्या अपराधाने?

पुढे १८४८ साली याच शास्त्रीबोवांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८६० च्या 'षड्दर्शनदर्पणा'त तीच धार आपल्या दर्शनांवर फिरविली. उत्तरायुष्यात ते पुण्याच्या पंचहौद मिशनातही राहिले. १८९५ मध्ये मुंबईस वारले. आम्ही पाठशाळेत असता त्यांचे नाव निघाले की 'बाटगा' एवढाच शब्द ऐकू येई. ग्रंथ मात्र कोणी उघडलेला नसे, आम्हीही नाही. तो पुढे वाचला, तेव्हा खाली मान घालावी लागली.

आता आपला पक्ष. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात देवावर पक्षपात व निर्दयता हे दोन आरोप घेतले आहेत. आचार्यांचे समाधान असे की देव पावसासारखा आहे. पाऊस सर्वांवर सारखा. साळ उगवते की जव, हे बीजावर. बीज म्हणजे जीवाचे कर्म. मग पहिले कर्म कोठून आले? तर संसार अनादी आहे, पहिले असे नाहीच. परंतु पुढच्याच पादात, महेश्वरवादी हीच अनादित्वाची ढाल पुढे करतात तेव्हा आचार्य ती मान्य करीत नाहीत. आंधळ्यामागे आंधळा चालल्यासारखे होईल म्हणतात! दोन्ही स्थळांचा मेळ टीकाकार घालतात. आम्हीही विद्यार्थ्यांस तो घालून दाखवितो. पण दाखविताना आवाज जरा मोठा होतो, हे लपवून काय करायचे?

गीतेत पाहावे तर अकराव्या अध्यायात भगवंत दाखवितात की भीष्मद्रोण आधीच मेलेले आहेत, अर्जुना, तू निमित्तमात्र हो. आणि अठराव्यात सर्व सांगून झाल्यावर म्हणतात, याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. जे झालेच आहे त्यात वाटेल तसे करायचे ते काय? तरी दोन्ही वचने एकाच मुखातली, एकाच रथावरची. एक धरून दुसरे टाकण्याचा अधिकार आम्हांस नाही.

मग त्या शेतकऱ्यास दिलेल्या उत्तरात चुकले कोठे? सिद्धान्त खोटा नव्हता. पण पावसाचा दृष्टान्त आचार्यांनी देवावरचा बोल काढण्यासाठी योजिला आहे. मूल गेलेल्या बापास त्याच्या दुःखाचे कारण सांगण्यासाठी नव्हे. आम्ही देवाचा बचाव केला आणि माणूस तसाच उठून गेला. शिवाय त्याने विचारले होते चालण्याविषयी, आम्ही बोललो मुलाविषयी.

पुढल्या खेपेस शिरपुरास गेलो तेव्हा त्यास हे सर्व सांगितले, गोऱ्हेशास्त्र्यांचेही. तो म्हणाला, "आमना सोबतीले बी ऐकाडा." कार्तिकी करून परतलो की दोघे येणार आहेत. त्यांच्यापुढे आधी अकरावा अध्याय काढावा की अठरावा, हे आमचे अजून ठरलेले नाही.