परतीची गाडी सहाची आणि घाटात धुके

गोव्याच्या मुरगाव बंदरात एखादे मोठे प्रवासी जहाज सकाळी आठला धक्क्याला लागते आणि सायंकाळी सहाला पुढच्या मुक्कामाकडे निघून जाते. जहाजावरच्या काही उतारूंना समुद्राचा कंटाळा आलेला असतो. त्यांना सह्याद्रीचे दाट रान पाहायचे असते. ते रान, म्हणजे मोलेचे अभयारण्य, बंदरापासून पन्नास-साठ किलोमीटर आत आहे. स्वतःच्या हिमतीवर रान पाहायला गेलेल्या उतारूसाठी जहाज खोळंबत नाही. शिवाय निघण्याच्या अर्धा-एक तास आधी सर्वांनी जहाजावर परतावे असा दंडक असतो. गंमत अशी की, जहाजावरचे घड्याळ कधी कधी बंदरातल्या घड्याळाशी जुळत नाही. अशा वेळी पाळायचे ते जहाजाचे घड्याळ.

तुम्ही म्हणाल, सर, वऱ्हाडात जहाज कुठून आणता? आपल्याकडे खारपाणपट्टा आहे, पण बंदर नाही! खरे आहे. पण बडनेऱ्याचे स्टेशन आहे, आणि रानासाठी मेळघाट आहे. सायंकाळची गाडी गाठायची आणि त्याआधी चिखलदऱ्याचे पावसाळी रान पाहून यायचे, हे गणित त्या उतारूच्या गणिताहून वेगळे नाही. हे गणित मी एकदा सपशेल चुकलो आहे. पदार्थविज्ञान शिकविणारा माणूस सरासरी वेगाच्या उदाहरणात चुकतो, हे वाचून तुम्हाला हसू येईल. पण चूक उपयोगी आहे, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात आम्ही वर्गाची एक दिवसाची सहल अमरावतीहून चिखलदऱ्याला नेली. एका विद्यार्थ्याची दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला परीक्षा होती. तो येत नव्हता. मीच त्याला म्हणालो, "चल रे, सहाच्या गाडीला तुला बडनेऱ्याला सोडण्याची जबाबदारी माझी." अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर आणि तेथून चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर. सपाटीवर बस ताशी ५० किलोमीटरने जाते, घाटाच्या टप्प्यात २० ने. मी मनातल्या मनात ५० आणि २० ची सरासरी ३५ काढली, ८० ला ३५ ने भागले आणि उत्तर आले सव्वादोन तासांच्या थोडे वर. दुपारी पावणेतीनच्या आधी निघालो की पाचला अमरावती, साडेपाचला बडनेरा. वर अर्धा तास शिल्लक!

यातली पहिली चूक तुमच्यापैकी नववीतल्या विद्यार्थ्यालाही दिसेल. सरासरी वेग म्हणजे वेगांची सरासरी नव्हे. एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचे असते. सपाटीचे ५० किलोमीटर एका तासात, घाटाच्या टप्प्याचे ३० किलोमीटर दीड तासात, म्हणून ८० किलोमीटरला अडीच तास. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटर, ३५ नव्हे. अंतर कमी असूनही वेळ घाटाने जास्त खाल्ला. प्रवासाचा वेळ ठरवतो तो हळू टप्पा.

पण ही चूक तेरा मिनिटांची. एवढ्याने गाडी चुकली नसती. खरी चूक पुढे आहे आणि ती पाठ्यपुस्तकात फारशी येत नाही.

घाटाचा वेग २० धरला, पण तो नेहमी २० च राहील कशावरून? समजा, रस्ता मोकळा मिळाला आणि वेग २५ झाला. ३० किलोमीटरला ७२ मिनिटे लागतील, म्हणजे ९० मिनिटांतून १८ मिनिटे वाचली. आता उलट समजा. धुके आले आणि वेग १५ वर आला. १२० मिनिटे लागतील, म्हणजे ३० मिनिटे गेली. वेगातला फरक दोन्हीकडे ताशी ५ किलोमीटरचाच, पण लाभ १८ मिनिटांचा आणि तोटा ३० मिनिटांचा! वेळ ही वेगाच्या व्यस्त प्रमाणात असते. वेग आडव्या अक्षावर आणि वेळ उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. सरळ रेषा येणार नाही. कमी वेगाच्या बाजूला वक्र झपाट्याने वर चढताना दिसेल. म्हणून 'कधी उशीर, कधी लवकर, शेवटी सारखेच' हा आपला नेहमीचा भरवसा प्रवासात खोटा ठरतो.

त्या दिवशी आम्ही वरून निघालो तेव्हा दहा कदमांवरचे झाड दिसत नव्हते. मुले मोजण्यात दहा मिनिटे गेली होती आणि तीनला दहा कमी होते. घाटाच्या वरच्या भागात बस अक्षरशः चालण्याच्या वेगाने उतरली. परतवाड्याला पोहोचेपर्यंत पाचला दहा कमी. अमरावती ते बडनेरा १० किलोमीटर असले तरी शहरातून अर्धा तास धरावाच लागतो. सहाची गाडी पकडायची तर ५० किलोमीटर ४० मिनिटांत तोडायला हवे होते, म्हणजे ताशी ७५ ने. ओला रस्ता, मध्ये गावे, गुरे घरी येण्याची वेळ. आणि मी, जबाबदार प्राध्यापक, चालकाला म्हणालो, "जरा दामटा ना!"

मी काय मागत होतो ते आकड्यांत पाहा. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद इतका घटतो असे धरू. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. बस थांबेपर्यंत १४ अधिक २४, म्हणजे ३८ मीटर जाईल. ताशी ७५ ला हाच आकडा २१ अधिक ५४, म्हणजे ७५ मीटर. वेग दीडपट, थांबण्याचे अंतर दुप्पट. चालकाने हे गणित कधी केले नसेल. त्याने आरशात माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, "सर, गाडी चुकली त दुसरी भेटते." त्याने वेग वाढवला नाही. आम्ही सहा वाजून वीस मिनिटांनी बडनेऱ्याला पोहोचलो. फलाट रिकामा होता. तो मुलगा रात्रीच्या एस.टी.ने उभ्या-उभ्या नागपूरला गेला आणि सकाळी तसाच परीक्षेला बसला. त्याने मला कधी बोल लावला नाही, म्हणून ती गोष्ट अजून बोचते.

धुक्यात बस इतकी हळू का चालवावी लागते, हेही याच सूत्रावरून काढता येईल. २० मीटरपर्यंतच दिसत असेल आणि समोरून दुसरी गाडी येत असेल, तर प्रत्येकीने १० मीटरच्या आत थांबायला हवे. ताशी २० ला थांबण्याचे अंतर साडेनऊ मीटर येते. अगदी काठावर! ताशी १५ ला ते साडेसहाच्या आत आहे. घाटात १५ ने चालवणारा चालक वेळ दवडत नसतो. घाईच्या भरात आपल्याला तसे वाटते, इतकेच.

आता प्रश्न असा की, हे धुके आधी ओळखता आले असते का? बऱ्याच अंशी आले असते. चिखलदऱ्याचे पावसाळी धुके म्हणजे बहुधा जमिनीला टेकलेला ढगच. अमरावतीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर, चिखलदऱ्याची सुमारे १,१००. म्हणजे चिखलदरा आपल्यापेक्षा पाऊण किलोमीटर वर. हवा वर चढली की प्रसरण पावते आणि थंड होते, दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश सेल्सिअसने. तिचा दवबिंदू मात्र किलोमीटरला दोन अंशांहूनही थोडा कमीच उतरतो. म्हणजे तपमान आणि दवबिंदू यांतले अंतर किलोमीटरला सुमारे ८ अंशांनी, किंवा दर १२५ मीटरला एका अंशाने, मिटत जाते. जेथे ते पूर्ण मिटते, तेथे ढगाचा तळ. खाली अमरावतीत तपमान २८ अंश आणि दवबिंदू २३ अंश असेल, तर फरक ५, आणि ढगाचा तळ ६२५ मीटर वर. चिखलदरा त्याहून उंच, म्हणून ढगात. फरक ८ अंश असेल तर तळ हजार मीटरवर जाईल आणि चिखलदरा ढगाखाली, स्वच्छ राहील. फरक सहाच्या आत असेल तर घाटाचा वेग १५ च धरावा.

दवबिंदू मोजायला वेधशाळा नको. स्टीलचा चकचकीत पेला घ्या, त्यात साधे पाणी आणि तपमापक ठेवा. बर्फाचे लहान खडे एकेक टाकून हळूहळू ढवळा. पेल्याच्या बाहेरच्या अंगाला पहिला ओलसर थर दिसला की तपमान वाचा. मग पाणी आपोआप तापू द्या आणि थर नाहीसा होताना पुन्हा वाचा. दोहोंचा मध्य म्हणजे दवबिंदू. पेल्यावर आपला श्वास पडू देऊ नका, नाहीतर उत्तर तुमच्या नाकाचे येईल! सकाळी हा फरक नेहमीच कमी असतो आणि ऊन चढेल तसा वाढतो. म्हणून अमरावतीत राहिलेल्या एखाद्या मित्राला दुपारी बाराला पुन्हा मोजायला सांगा आणि फोनवर विचारून घ्या. सतत झड लागली असेल तर हा केवळ ढोबळ अंदाज समजावा.

आता सहल नव्याने आखू, पण शेवटाकडून. गाडी सहाची. जहाजाच्या दंडकाप्रमाणे स्टेशनवर साडेपाचला. अमरावती पाचला. सपाटीचा एक तास, म्हणून परतवाडा चारला. घाटाचे धुक्यातले दोन तास, म्हणून वरून निघणे दोनला. पंक्चर, मुले मोजणे, चहाचा हट्ट यांसाठी अर्धा तास. वरून निघायचे दीड वाजता. ही वेळ सकाळीच सर्वांच्या वहीत लिहून टाकावी आणि वर गेल्यावर तिच्यावर चर्चा करू नये. समोर धबधबा कोसळत असताना केलेली वजाबाकी हमखास चुकते. सकाळी सातला निघालो तर धुके धरून दहाला पोहोचू. हाती साडेतीन तास.

एवढ्या वेळात काय पाहावे? यादीतले सर्व पॉइंट पाहू नयेत. गाविलगड, भीमकुंड, देवी पॉइंट, कॉफीच्या बागा असे सगळे करू गेलात तर बसमध्ये चढणे-उतरणे एवढेच पाहून व्हाल. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेने घेतलेला गाविलगड हा तर एका स्वतंत्र दिवसाचा विषय आहे. मी एकच जागा निवडीन, पंचबोल. तेथे दरीत आरोळी दिली की कड्यांवरून प्रतिध्वनी येतात. धुक्यात समोरचा कडा दिसत नाही, पण घड्याळ असेल तर त्याचे अंतर मोजता येते. आरोळीनंतर २ सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर ध्वनी सुमारे ६९० मीटर जाऊन परतला. कडा ३४५ मीटरवर. जे दिसत नाही ते मोजण्याचा आनंद काही वेगळाच.

एक गैरसमज मात्र घेऊन जाऊ नका. ऑगस्टमधला मेळघाट पाहून 'हे पर्जन्यवन' असे म्हणावेसे वाटते. चिखलदऱ्याला पाऊस अमरावतीच्या जवळजवळ दुप्पट पडतो हे खरे, पण तो चार महिन्यांत आटोपतो. पर्जन्यवनाला वर्षभर ओलावा लागतो. मेळघाट हे सागाचे पानझडी रान आहे. मार्चमध्ये तेथेच जाल तर पायाखाली वाळकी पाने करकरतील. १९७४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. ठरलेल्या दारातून, परवानगी घेऊनच आत जायचे, आणि वाघ वेळापत्रकात लिहायचा नाही.

अकोल्याच्या वाचकांनी रुसू नये. त्यांच्याकडे नरनाळा आहे. पूर्वी तर अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटर गेजची गाडीच मेळघाटातून जात असे. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, म्हणून धुळघाटाजवळ रुळांनी स्वतःभोवती वळसा घेऊन उंची गाठली होती. तो मार्ग रुंदीकरणासाठी २०१७ च्या आरंभी बंद झाला. पुढे अकोला-अकोट एवढा भाग ब्रॉड गेज झाला आणि २०२२ मध्ये त्यावर गाडी सुरू झाली.

तर अकोलेकरांसाठी हे उदाहरण. सायंकाळी ७ वाजता अकोला स्थानकावर गाडी आहे आणि सकाळी नरनाळ्याला जायचे आहे. अकोला ते अकोट सुमारे ४५ किलोमीटर. पुढची अंतरे नकाशावर दोरा ठेवून मोजा, वळणे धरून. घाटाचा वेग एकदा २० आणि एकदा १२ घ्या. किल्ल्यावरून निघण्याच्या दोन्ही वेळा काढा. दोन वेळांमध्ये किती मिनिटांचा फरक पडतो, ते पाहा. त्यानंतर तेवढीच मिनिटे अकोट-अकोला रस्त्यावर भरून काढायला बसचा वेग किती लागेल, आणि त्या वेगाला ओल्या रस्त्यावर बस किती मीटरवर थांबेल, तेही काढा.