जनरेटरच्या कोटेशनमधून काय कापू नये

सात मजली इमारत, एक लिफ्ट, पाण्याचा एक पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे. एवढ्यासाठी डिझेल जनरेटर घ्यायचा म्हटले की बहुतेक सोसायट्यांचे गणित २५ केव्हीएच्या सेटवर येऊन थांबते. आजच्या नियमांत बसणाऱ्या अशा सेटला आवाजरोधक कॅनॉपीसह साधारण साडेचार ते सहा लाख रुपये पडतात, वर १८ टक्के जीएसटी. कमिटीच्या बैठकीत चर्चा होते ती याच आकड्याची. माझा आग्रह असा, की कोटेशनचे दुसरे पान आधी वाचा. चेंजओव्हर, अर्थिंग, धुराचा पाइप, पाया, केबल या ओळी तिथे असतात. सगळे धरून दीड ते अडीच लाख होतात आणि घासाघीस नेमकी तिथेच होते. जनरेटरमुळे माणसे दगावतात ती बहुतेक याच ओळींतल्या कामचुकारीमुळे.

त्याआधी क्षमतेचे दोन शब्द. केव्हीएला ०.८ ने गुणले की किलोवॉट मिळतात, म्हणजे २५ केव्हीए सेट २० किलोवॉट देतो. साडेसात किलोवॉटची लिफ्ट, पाच एचपीचा पंप आणि दोन किलोवॉटचे दिवे मिळून तेरा किलोवॉटच्या आसपास जातात. मग २५ केव्हीए कशाला, असे कोणी विचारेल. मोटार थेट सुरू केली तर पहिल्या क्षणी ती नेहमीच्या सहापट करंट खेचते. तो धक्का सेटने सोसला पाहिजे. उलट ‘पुढेमागे लागेल’ म्हणून ६२.५ केव्हीएचा सेट घेणे हा पैशाचा आणि इंजिनाचाही नाश. तीस टक्क्यांहून कमी लोडवर डिझेल इंजिन तासन्‌तास चालले तर ते पुरेसे तापत नाही, न जळलेले इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते. पाइपच्या सांध्यातून काळे तेलकट थेंब गळताना दिसले, तर इंजिन लोडअभावी खराब होत आहे असे समजा.

आता चेंजओव्हर. महावितरणची वीज आणि जनरेटरची वीज एकाच वेळी एकाच तारेवर येऊ नये, एवढेच त्याचे काम. हाताने फिरवायचा असेल तर दांड्यावर एक, शून्य, दोन अशा तीन जागा दिसतात. एक म्हणजे महावितरण, दोन म्हणजे जनरेटर, शून्यावर दोन्ही बंद. कोणत्याही क्षणी दोन्ही बाजू जोडलेल्या राहूच शकत नाहीत, अशी त्याची यांत्रिक रचना असते. २५ केव्हीएसाठी ६३ अँपिअरचा चार पोलचा चांगला चेंजओव्हर आठ ते बारा हजारांत येतो. वीज जाताच आपोआप सेट सुरू करणारे एएमएफ पॅनल पन्नास ते ऐंशी हजारांना पडते. ते सोयीचे आहे, पण बजेट कमी असेल तर हाताचा चेंजओव्हर पूर्ण सुरक्षित आहे. तीन पोलचा घेऊ नका, न्यूट्रलसुद्धा तुटला पाहिजे.

हे काम काही ठिकाणी दोन साध्या एमसीबींवर भागवले जाते. एक खाली करायचा, दुसरा वर, आणि भरवसा वॉचमनच्या आठवणीवर. अंधारात, घाईत पहिला एमसीबी खाली करायचा राहिला की जनरेटरची वीज मीटरमधून उलटी महावितरणच्या लाइनवर जाते. बिघाड काढायला रोहित्रावरचे फ्यूज उतरवून, लाइन बंद आहे या समजुतीने खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाताखाली २३० व्होल्ट येतात. फ्यूज उतरवलेले नसतील तर तेच रोहित्र उलट्या दिशेने काम करते आणि पलीकडे ११ हजार व्होल्टची लाइन जिवंत होऊ शकते. त्याच्या घरी कोणीतरी वाट पाहत असते, आणि आपण वाचवलेले असतात दहा हजार रुपये. घरगुती छोटा जनरेटर दोन टोकांना पिन असलेल्या वायरने भिंतीतल्या सॉकेटला जोडणे हाही याच जातीचा गुन्हा आहे.

अर्थिंगसाठी चार खड्डे लागतात: दोन न्यूट्रलचे, दोन सेटच्या बॉडीचे. नियमातच न्यूट्रलला आणि बॉडीला प्रत्येकी दोन स्वतंत्र जोडण्या सांगितल्या आहेत. चारांचा खर्च पंचवीस ते चाळीस हजार. ‘इमारतीच्या जुन्या अर्थिंगला जोडून देतो’ असे ठेकेदार म्हणाला तर नकार द्या. खड्ड्यांवर नंतर पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नका. झाकण उघडून पट्टीचा नटबोल्ट दिसला पाहिजे, आणि वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना, प्रत्येक खड्ड्याचा रोध मोजून नोंदवला पाहिजे.

धुराचा पाइप ही सर्वांत जास्त कापली जाणारी ओळ. प्रदूषण मंडळाचे सूत्र असे: इमारतीची उंची, अधिक केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर. २५ चे वर्गमूळ ५, म्हणजे पाइप गच्चीच्या एक मीटर वर हवा. एकवीस मीटर उंच इमारतीला बावीस मीटरचा पाइप. आवरणासह त्याचे चाळीस ते साठ हजार होतात, म्हणून अनेक आवारांत तो डोक्याच्या उंचीवरच वळवून सोडलेला दिसतो, बहुधा पहिल्या मजल्याच्या बेडरूमच्या खिडकीखाली. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि झोपेतच माणूस जाऊ शकतो. म्हणून जनरेटर बंद तळघरात, डक्टमध्ये, दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा शटर अर्धे ओढून कधीही चालवू नये. एक खिडकी उघडी ठेवल्याने भागत नाही. सेटजवळ कोणाला गरगरू लागले तर आधी त्याला उघड्यावर न्या, मग डॉक्टरांकडे. पाइप लांब असेल तर तो रुंदही हवा आणि त्याला वळणे कमी हवीत, नाहीतर इंजिनावर उलटा दाब येतो.

पायाही नीट हवा. कॅनॉपीसह हा सेट टनभर वजनाचा असतो. मागच्या पावसाळ्यांत आवारात पाणी जिथवर चढले होते, त्याच्या वर ओटा घ्या.

आता कागद. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनरेटर इंजिनांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची ‘सीपीसीबी ४ प्लस’ ही मानके लागू झाली. १९ ते ५६ किलोवॉटच्या इंजिनांना धुरातल्या कणांची मर्यादा आधी किलोवॉट-तासाला ०.३ ग्रॅम होती, ती ०.०३ झाली. थेट एक दशांश. नवे सेट महाग झाले त्याचे मोठे कारण हेच. आवाजाची मर्यादा कॅनॉपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबल आहे. इंजिनाला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून प्रकार-मान्यता प्रमाणपत्र मिळालेले असते. विक्रेत्याकडून त्याची प्रत मागा आणि इंजिनावरची पट्टी स्वतः वाचा: प्रमाणपत्राचा क्रमांक, अनुक्रमांक, निर्मितीचा महिना आणि वर्ष. पट्टी नसेल, खरवडलेली असेल किंवा नव्या रंगाखाली गेली असेल, तर तो सेट कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. जुने सेट रंगवून विकण्याचा धंदा जोरात आहे. जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या, आणि विद्युत निरीक्षकाची जी मंजुरी लागेल ती काढून देण्याची जबाबदारी कोटेशनमध्येच लिहून घ्या.

चालवण्याचा खर्च मात्र कोटेशनमध्ये नसतो. चांगल्या लोडवर एका लिटर डिझेलमध्ये सव्वातीन ते साडेतीन युनिट वीज मिळते. डिझेल नव्वद रुपये धरले तर तेरा किलोवॉटच्या लोडला तासाला चार लिटर, म्हणजे ३६० रुपये. नुसत्या इंधनाचे युनिटमागे सत्तावीस-अठ्ठावीस रुपये. रात्री फक्त दिवे आणि अधूनमधून लिफ्ट चालत असेल तर तोच आकडा चाळीसच्या वर जातो. शिवाय वार्षिक देखभाल करार पंधरा ते पंचवीस हजार, आणि दर तीन-चार वर्षांनी बॅटरीचे सात-आठ हजार. ऑइल आणि फिल्टर तासांवर किंवा वर्षावर, जे आधी येईल त्यावर बदलायचे. सेट वर्षभर चाललाच नाही तरी ऑइल जुने होते. महिन्यातून एकदा लिफ्ट आणि पंप जोडून अर्धा तास चालवा. लोडशिवाय रोज पाच मिनिटे सुरू करण्याने डिझेल जळते, फायदा काही नाही.

तुमच्या भागात वीज महिन्यातून दोन-चारदा, अर्धा-पाऊण तासच जात असेल तर मी जनरेटर घ्या असे सांगणार नाही. लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे बॅटरीचे उपकरण आणि दिव्यांसाठी इन्व्हर्टर यावर काम भागते. मात्र इमारतीच्या अग्निशमन पंपाला पर्यायी वीज बंधनकारक असेल तर हा सल्ला लागू नाही.

डिझेलचा साठा २५०० लिटरपर्यंत, आणि त्यातले एकही पात्र हजार लिटरांहून मोठे नसेल, तर पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. सोसायटीला एवढे कधीच लागत नाही. शंभर लिटर लोखंडी पिंपात, मीटररूमपासून दूर ठेवा, शेजारी अग्निशामक आणि वाळूची बादली ठेवा. सेट चालू असताना किंवा गरम असताना टाकी भरू नका.

गणेशोत्सवात, लग्नात भाड्याने सेट आणणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. भाडे ठरवताना डिझेल कोणाचे, ऑपरेटर कोणाचा, हे बोलून घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडीवरच्या सेटची अर्थिंगची तार जमिनीत ठोकलेल्या सळीपर्यंत पोचली आहे का, ते स्वतः पाहा. भादव्यात मांडव ओला असतो, लोखंडी कमानीला लेकरे हात लावतात. मांडवाच्या बोर्डावर, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला दोन-तीन हजार रुपये लागतात, तेवढे वर्गणीतून बाजूला काढाच.

सोसायट्यांनी एक करावे. पैशाचा शेवटचा दहा टक्के हप्ता राखून ठेवावा. चेंजओव्हर समोर फिरवून दाखवला, चारही खड्ड्यांचे मापन कागदावर आले, पाइप गच्चीच्या वर गेला आणि प्रमाणपत्राची प्रत फाइलला लागली, की त्याच दिवशी तो चेक द्यावा. त्याआधी देऊ नये.